कारी एक

दोन वर्षं लागली मला
'कारी' म्हणणं सोडायला.
नागपूरच्या कॉलेजात, खोली नंबर सहा,
एका पंख्याखाली चार तानपुरे,
आणि मॅडम पट्टीवर पेन्सिल टेकवून म्हणायच्या,
काळी. काळी एक. जीभ वळव.
मी जीभ वळवली.
एम.ए. झाले तेव्हा
यमनचा निषाद आणि मराठीचा ळ
दोन्ही जागच्या जागी बसले होते.

पुढचे सहा महिने दुसरं काहीच बसलं नाही.
शाळेवाल्यांनी बोलावलं, पंधरा ऑगस्टपुरतं.
शरयू बँकेच्या परीक्षा देते.
ओंकार पुण्याला गेलाय, फोन उचलत नाही,
म्हणजे एकतर फार छान चाललंय
किंवा.

मग मी वडशाला गेले.
कंपन्यांची ऑफिसं ओळीनं, प्रत्येक शटरवर
एक रडणारी नायिका आणि एक पिस्तूल.
बिसेन मॅनेजरनं माझ्या मार्कशीटची झेरॉक्स उलटी केली,
मागची बाजू कोरी होती,
तिच्यावर माझा नंबर लिहून घेतला.
पायपेटी येते?
येते.
रातभर?
हे कुठल्याच पेपरात विचारलं नव्हतं.
नाईटचे आठशे. सीझन होळीपर्यंत.

सावरटोला. दिवसा शंकरपट झालेला,
बैलांनी उडवलेली धूळ रात्रीही खाली उतरेना.
धान कापलेल्या बांधीत मंडप,
अख्खं गाव तणसावर, कानाला मफलर,
पोरं मांडीवर झोपलेली, भांडणाच्या सीनला उठवायची.
स्टेजपुढे खड्डा.
खड्ड्यात मी, पायपेटी,
तबल्यावर टिकाराम मामा
आणि त्यांची खर्र्याची पुडी.

एक वाजेपर्यंत सगळं रिहर्सलप्रमाणे.
रिहर्सल म्हणजे टेम्पोत येताना
हिरोनं गुणगुणलेल्या चार ओळी.

तिसऱ्या अंकात तो आला,
सलग अकरावी नाईट, घशात काच.
ठरलं होतं काळी दोन.
मी सूर दिला. त्यानं घेतला नाही.
डोळे मिटून कुठूनतरी खालून सुरू झाला
आणि माझी बोटं वरच राहिली,
शिडी काढून घेतलेल्या माणसासारखी.
परीक्षक अशा वेळी म्हणायचे, पुन्हा घ्या.
इथे दोन हजार माणसं, आणि हिरोची आई
मरायला टेकलेली.

मामा मान न वळवता बोलले,
"कारी एक, पोरी. कारी एक धर."

'काळी' असती
तर कानातून वहीत गेली असती,
वहीतून बोटात यायला आणखी एक आवर्तन.
कारी थेट बोटात उतरली.
ती मला सात वर्षांची असल्यापासून ओळखत होती,
मारुतीच्या पारावर,
भजनातल्या पेटीचा भाता मारायला मला बसवायचे
तेव्हापासून.

पुढच्या समेवर आम्ही तिघं आलो,
जरा तिरके, पण आलो.
टाळ्या नाहीत. काही बिघडलं होतं
हे कुणाला कळलंच नव्हतं.
पहिल्या रांगेत एक बाई पदराआड रडत होती,
तिचं सगळं लक्ष हिरोच्या आईकडे.

चहाच्या वेळी मामा म्हणाले,
"सम मांगं राह्यली त राहू दे.
मानूस मांगं नोको ठेवू."
आणि माझ्याकडून दहा रुपये उसने घेतले.

पहाटे साडेचारला टेम्पोच्या बोनेटवर हिशेब.
आठशेतले पन्नास जेवणाचे कापले.
वांग्याची भाजी मी घेतलीच नव्हती.
बोलले नाही.
मोबाइलवर मॅडमचा कालचा मेसेज,
काय चाललंय सध्या? रियाज आहे ना?
मी लिहिलं, हो मॅडम.
खोडलं.
लिहिलं, रात्रभर.
पाठवायला रेंज नव्हती.

पडद्यांच्या गाठोड्यावर डोकं टेकलं.
मामा सांगतात, वडसा येईपर्यंत
झोपेतही माझे पाय चालूच होते,
डावा, उजवा, डावा,
हवा भरत.