खडूच्या दोन रेघा

द्वारकेच्या पुलाखाली माझं दुकान.
अलाइनमेंट, बॅलन्सिंग, नायट्रोजन फुकट.
मार्गशीर्षातल्या एका रिकाम्या दुपारी
गायधन्यांचा शार्दूल जीप घेऊन आला.
म्हणाला, एकतीस इंची टाका.
हरिहरच्या पायथ्याशी पोरं विचारतात,
ही काय जत्रेत घेतली का.

मी म्हटलं, थांब.
त्याचं सत्तावीसचं चाक काढून फरशीवर उभं केलं,
जमिनीला टेकलेल्या रबरावर खडू फिरवला,
आणि झुंबरनं ते ढकलत नेलं
खडू पुन्हा खाली येईपर्यंत. तिथं रेघ.
मग एकतीसचं. निघालं तिथूनच.
पण ते पहिल्या रेघेवर थांबेना,
कॉम्प्रेसरच्या पायाशी जाऊन टेकलं.
दोन रेघांमध्ये फूटभर फरशी उरली,
वर बोटभर.

एवढी फरशी, मी म्हटलं, तुझ्या मीटरला कधी दिसणार नाही.
ते रस्ता मोजत नाही रे, वेढे मोजतं.
कारखान्यात कुणीतरी त्याच्या कानात सांगितलंय
की तुझं चाक एवढं,
आणि ते बिचारं त्या एका वाक्यावर बसलंय.
काटा सत्तर म्हणेल, खाली ऐंशी झालेले असतील.
ब्रेक मात्र तेच,
जुन्या चाकाशी लग्न लागलेले.
गाडी उंच होईल, वळणावर अंग टाकेल,
स्टेअरिंग पुरतं फिरवलंस की रबर मडगार्ड खाईल.

तो हसला. काका, तुम्ही फार मोजता.
पंचवटीत कुणीतरी त्याच संध्याकाळी बसवून दिले.

होळीच्या आधी परत आला.
डाव्या मडगार्डचं प्लॅस्टिक सोललेलं,
मोबाईलवर चलन:
घोटीच्या पुढं, ऐंशीची पाटी, वेग ब्याण्णव.
आईशपथ काका, काट्यावर ऐंशीच होते.
होतेच, मी म्हटलं.
तू खोटं बोलत नाहीस.
काटाही नाही.

झुंबर चहा आणायला गेल्यावर तो हळूच म्हणाला,
कसाऱ्याला पुढचा ट्रेलर एकदम थांबला.
दाबला मी. थांबली. पण...
आणि दोन्ही तळहात समोरासमोर धरून
त्यानं उरलेलं अंतर दाखवलं.
फूटभर. बोट धरलं तर कमीच.

माझे बाबा भूमापन खात्यात साखळी ओढायचे.
निवृत्तीनंतर घर ते नवश्या गणपती
अकराशे पावलं, रोज, मनात मोजून.
गुडघा बदलल्यावरही अकराशेलाच थांबायचे
आणि वैतागायचे,
देऊळ कुणी पुढं सरकवलं?
आयुष्यभर लोकांच्या बांधांची भांडणं मिटवणारा माणूस.
मी त्यांना कधी सांगितलं नाही
की आकडा बरोबर आहे, बाबा,
पाऊल आखूड झालंय.
उरलेला रस्ता मी त्यांच्या मागून चालायचो,
न मोजता.

ह्या पोराला सांगायला हवं होतं
आणखी एकदा, जरा दरडावून.
ते राहिलं.

सत्तावीसचे आहेत का, त्यानं विचारलं.
झुंबरनं चहाचे ग्लास टेबलावर ठेवले, जॅक लावला.
चारही नट गंजलेले नव्हते, तरी वेळ लागला.
शार्दूल फरशीकडे बघत उभा होता.
त्या रेघा अजून आहेत.
झुंबर रोज झाडतो,
त्यांच्या कडेकडेनं.