दर सातवं घर

मे महिना. तांडापेठेत सकाळी सात ते नऊ,
मग थेट संध्याकाळी पाचनंतर.
मधल्या वेळात दार वाजवणं हे संशोधन नाही, छळ आहे,
असं मोहरील मॅडमचं म्हणणं.
माझ्याकडे एकशे वीस फॉर्म, दोन पेनं,
डोक्याला पांढरा दुपट्टा, पर्समध्ये कांदा
आणि हिवाळ्यातच लिहून ठेवलेलं एक वाक्य:
ज्या घरात कूलर, त्या घरातली बाई जास्त झोपते.

मॅडमनी समासात हिरव्या शाईनं लिहिलं होतं,
"बरोबर निघावं असं वाटतंय ना तुला?
तेवढं सांभाळ."

पहिलं घर चिठ्ठी काढून. मग दर सातवं.
मोजायला लागलं की कळतं,
घर म्हणजे काय हेच ठरलेलं नसतं.
एक दार, दोन चुली: एक धरायचं की दोन?
माडीवरचा भाडेकरू, जिन्याखाली झोपणारा दीर,
बंद पडलेल्या मागाशेजारी अंथरूण टाकणारी सासू.
वहीत व्याख्या लिहिली, खोडली,
शेवटी चूल धरली. गॅस असला तरी चूल.

चौथ्या गल्लीत सातव्या घराला कुलूप.
शेजारच्या काकू दारात भाजी निवडत होत्या.
"मलेच विचार न वं पोरी, मी काय वाईट सांगीन?
थंड पाणी घे, लिही, मोकळी हो."
पाणी घेतलं. लिहिलं नाही.
कसं सांगू काकू, तुम्ही या वेळी घरी आहात
हेच तुमच्याविषयी बरंच काही सांगतं.
आणि कुलूप हेही एक उत्तरच,
फक्त माझ्या फॉर्मवर त्याला चौकोन नाही.

तीनदा गेले. तिसऱ्यांदा रात्री साडेआठला
सत्यभामा नंदनवार, वय त्रेपन्न,
शिलाईच्या कारखान्यातून येऊन पाय धूत होत्या.
प्रश्न चार: कूलर आहे? आहे.
प्रश्न पाच: रात्री किती तास झोपता?
"साडेतीन. चार समज."
मी पुन्हा विचारलं, जरा गोड आवाजात.
हे करू नये. हे मी केलं.
"चारच वं."
"पण कूलर आहे ना?"
त्या हसल्या, पदराला हात पुसले.
"कूलरले पाणी लागते का नाही?
नळ येते साडेतीनले. टाकी भरते कोण?
तुह्या कागदात 'हाय का' लिहून हाय.
'कोण' कुठी हाय?"

कुठीच नव्हता.

फॉर्मची पाठ कोरी असते, ती तेव्हा कामी आली.
उरलेल्या शेहेचाळीस घरांत नववा प्रश्न पेनानं जोडला,
आधीच्या चौऱ्याहत्तर दारांवर पुन्हा गेले.
तेच शब्द, तोच क्रम,
उत्तर ऐकून मान हलवायची नाही.

जूनमध्ये लॉ कॉलेज चौकात, तर्री-पोह्यांची प्लेट बाजूला सारून
बेरजा केल्या.
कूलर असलेल्या घरांतल्या बायका
सरासरी चाळीस मिनिटं कमी झोपत होत्या.
पुरुष जास्त.
रकाने उलटसुलट करून पाहिले.
खरं सांगते, एकदा सहा फॉर्म वेगळे काढले,
वरती "अपवाद" लिहिलं.
एक रात्र ते उशाखाली टोचत राहिले.
सकाळी गठ्ठ्यात परत.

मॅडमनी वाचलं. चष्मा काढला.
"हरलीस," म्हणाल्या, आणि दोन चहा सांगितले.
मग पेन उचललं:
"'यामुळे' लिहू नकोस लगेच. 'यासोबत' लिही.
आणि एक पेठ म्हणजे नागपूर नाही."

त्या रात्री मानेवाड्याच्या घरी
कूलरसमोर आडवी झाले.
ओल्या वाळ्याचा वास, ताटीवरून टपटप.
आमचं घर नमुन्यात नव्हतं.
पहाटे बादली कशाला तरी आपटली तशी जाग आली.
सवयीनं घड्याळ पाहिलं: चार वाजून दहा.
अंधारात कूलरची मागची जाळी कुणीतरी
आवाज न करता उघडत होतं.
वही उशाशी होती.
प्रश्न नऊ
एकशे वीस घरांत विचारून झाला होता.