हिंदवाडी, आश्विन अखेर

पाऊस उघडला. निंगव्वा उकिडवी बसून
लव्हाळ्याच्या गाठी उपसतेय,
पायरीवर मांडतेय, हिशेब द्यायचा असल्यासारख्या.

खानापूरची तांबडी माती, दोन पोती.
शेणखत मी कालच चाळलं, तुझ्या जुन्या चाळणीनं.
"आता बारीक कापू नका की हो,
थंडीत गरिके निजतंय."
मी हरळी म्हणते, ती गरिके;
गवत कुणालाच ओ देत नाही.

कुंपणाकडं, जिथं तुझ्या खुर्चीचे पाय रुतायचे,
चार खळगे अजून आहेत.
"बुजवू?"
मी काही बोलायच्या आत
तिनं तीन बुजवले, थापटलेसुद्धा.
चौथ्यात बुचाचं फूल पडलंय.
ते उचलू की नको
म्हणून मातीची मूठ तशीच धरून
ती माझ्याकडं बघतेय.