टकटक

शारजात, सजाच्या पुढे, लेबर कॅम्प नंबर नऊ.
ढेकणांचं काम निघालं की व्हॅन गुलजमान चालवतो,
मी मागे, टाकीला धरून.
पाठीवर सोळा लिटर, तोंडाला मास्क.
नाव बाहुबली जिनपाल चौगुले, मुक्काम नांदणी.
यात हसण्यासारखं काय ते
शिरोळकडच्या माणसालाच कळेल.

आई अजून पाणी गाळून पिते,
गाळण्यातलं उरलेलं जपून परत विहिरीत सोडते.
तिला सांगितलंय, साफसफाईच्या कंपनीत आहे.
खोटं नाही. पुरतं खरंही नाही.

माझं चालतं ते एवढंच:
नळी लावण्याआधी खाटेच्या पायावर
तीनदा टकटक करायची,
मग शंभर आकडे थांबायचं.
ज्याला जायचंय त्यानं जावं.
बहुतेक कुणी जात नाही.
एकदा गाद्यांमागून मांजरी निघाली, तोंडात पिल्लू.
तिच्या तीन फेऱ्या होईस्तोवर
गुलजमाननं इंजिन बंद ठेवलं.

औषध मारतोच.
खोलीत बारा जण, बाराही पाठी चावून लाल,
आणि न झोपलेला माणूस
पहाटे चारला परातीवर चढतो.
हा हिशेब मी कुणाकडून तपासून घेतलेला नाही.

गेल्या आठवड्यात रात्री सगळे मोबाईल एकदम ओरडले.
आभाळातून काहीतरी गेलं, लांब कुठेतरी पडलं.
वरून कुणी टकटक केली नव्हती.

सकाळी फोरमननं रामएकबालची कॉलर धरली.
धनुषाकडचा पोरगा, मिशी न फुटलेला, बस चुकलेला.
फोरमनचा हात वर गेला.
माझ्या हातात पितळी नोझल, चांगलं वजनदार,
आणि खरं सांगतो, आधी मनात आलं ते हेच
की डोकं कुठे मऊ असतं.

बोटं कशी सैलावली ठाऊक नाही.
लोखंडी खाटेवर वाजवलं. एक. दोन.
तिसरी टकटक दारावर गुलजमाननं केली.
फोरमन बघतच राहिला, हात वरच.
मी आकडे मोजू लागलो.
एकेचाळीसला त्यानं हात खाली घेतला,
खिशात घातला,
किल्ली शोधत असल्यासारखा.
पोराचा त्या दिवसाचा पगार कापलाच.

संध्याकाळी आईचा फोन.
तिच्याकडे कधीचाच अंधार.
जेवलास का उजेड आहे तोवर?
माझ्याकडे अजून थोडा आहे, म्हटलं,
बसतोच.