शिवण

ढगाळ असलं की टोरुन कॅमेरा घेऊन निघते.
ऊन नको तिला. उन्हाची सावली फोटोत चिकटून बसते,
मग पडद्यावरचा सूर्य कुठूनही उगवो,
लाकूड खोटं बोलतं.

बर्गनपासून दोन फेरीबोटी पलीकडे
बापाचं होडीघर. तांबड्या रंगाचे पोपडे,
खिळ्यांखाली गंजाचे ओघळ.
फळी न् फळी टिपून आणली तिने.

आता स्टुडिओत एक भिंत, कागदाहून पातळ.
तिच्यावर आधी रंग,
मग तो जांभळट निळा नकाशा
जो प्रकाशाला सांगतो, इथे खड्डा आहे, इथे कड,
आणि प्रकाश बिचारा ऐकतो.

एका फळीवर चाकूची आडवी खूण.
बापाने तिची उंची मोजलेली,
सातव्या वर्षी.
तुकड्याला तुकडा जोडायचा तर अशी खूण चालत नाही;
दर दोन मीटरवर तीच दिसली
की डोळ्याला चोरी कळते.

ऑडवार म्हणाला, पुसून टाक ना.
ती पुसते. शेजारच्या रेषा ओढून त्यावर पसरते.
भिंत आता कुठवरही जाईल, शिवण दिसणार नाही.

मग त्या पुसल्या जागी
बोट ठेवते काचेवर.
गुळगुळीत.

तसं तर सगळंच गुळगुळीत होतं.