अकरा मिनिटं

कातोवित्सेमध्ये, चौथ्या मजल्यावर
बोगुमिवा स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरते,
एका टोकाला मिठाची बाटली, दुसऱ्याला वितोल्डचं कोपर.
पाच दिवस. चारशे युरो. दोघांत.
रात्रीची गाडी घेतली की हॉटेल वाचतं, तो म्हणतो.
आणि पाठ? ती विचारते.
ब्रनो. व्हिएन्ना. ग्राझ खोडलं.
ल्युब्लियाना पेन्सिलीनं, म्हणजे अजून नक्की नाही.
उकडलेली अंडी पहिल्या दिवसापुरती.
त्रिएस्तला समुद्र फुकट असतो,
हे तो दोनदा म्हणतो.

मग ती एका बारक्या ठिपक्यावर नख टेकवते.
इथं कशाला? इथं बघण्यासारखं काय आहे?
गाडी थांबते. अकरा मिनिटं.

एकोणिसाव्या वर्षी, एक अख्खा उन्हाळा,
तिनं इथल्या कारखान्यात लोणच्याच्या काकड्या धुतल्या होत्या.
फलाटावर नळ होता,
पाणी इतकं गार की दात ठणकायचे.

म्हणजे उतरायचं?
उतरायचं, प्यायचं, चढायचं.
आणि नळ नसलाच तर?
ती अंड्यांचा आकडा चारावरून सहावर नेते.

वितोल्ड वहीत नवा रकाना आखतो,
गावाचं नाव लिहितो,
खर्चापुढे शून्य.
खाली, बारीक अक्षरात:
बाटली रिकामी न्यायची.