पाचटाचा हिशोब

वहीच्या पहिल्या पानावर तारीख आहे दोन डिसेंबर,
आणि त्याखाली : आमणापूर, तेरा गुंठे, फुकट.
फुकट, कारण काडेपेटी खिशात ठेवायला
अण्णा चौगुलेंनी तेवढीच अट घातली होती.
"अर्ध्यात तुम्ही कुट्टी करा, अर्धं मी पेटवतो.
खोडवा वर आला की बघू कुणाचं खरं."

तोवर आमच्याकडं थंडी म्हणजे
दोरीवरच्या ओल्या ओढण्यांवर
काळ्या पाकोळ्या उतरणं.
तोड झाली की सांजेला कुणीतरी बांधावर वाकायचं,
मग रानभर कडकड, जशी पत्र्यावर वाळू पडावी,
आणि मग काहीच नाही. काळं, सपाट, कोमट.
सोपं असतंय, म्हणायची माणसं.
एक काडी, एक रान.

आम्ही चौघं.
बाहुबली मगदूम ट्रॅक्टरवर, कारण ट्रॅक्टर त्याच्या मामाचा.
ऋतुराज पुढं चालत दगड वेचणारा,
एक दगड राहिला तर पातं जातं
आणि पातं म्हणजे दोन दिवसांची कमाई.
समाधान कांबळे पाठीवर पंप घेऊन,
जिवाणू ताकासारखे घुसळून शिंपडणारा.
आणि मी, यास्मिन मुलाणी, बी.कॉम.
मिरजेत एका दुकानात सहा हजारांवर पावत्या फाडत होते,
आता बांधावर फाडते.

पान चार : डिझेल. पान पाच : डिझेल.
पान सहावर ग्रीसचा अंगठा, कुणाचा ते कुणी कबूल करत नाही.
पान नऊ : बुर्ली, अडीच एकर, रोख.
त्या रात्री पहिल्यांदा वाटणी झाली,
मामांचं भाडं, बँकेचा हप्ता काढून
माणशी अकराशे चाळीस.
चाळीसचे आम्ही भडंग खाल्ले.

पान एकवीसवर समाधानच्या नावावर रेघ आहे.
चाकणला लागला, कंपनीत, बारा तास, महिन्याच्या महिन्याला.
रेघ मी पेन्सिलनं मारलीय.
रात्री पाळी सुटली की फोन करतो,
"आज किती एकर?"
सांगितलं की थोडा वेळ काहीच बोलत नाही,
मागं यंत्राचा आवाज येतो, आमच्यापेक्षा मोठा.

ऋतुराजच्या लग्नाची माहिती छापायची होती.
नोकरी किंवा व्यवसाय, या रकान्यापाशी
त्याचे वडील चष्मा पुसत बसले.
शेती लिहावी तर पोरगी मिळत नाही,
मशीन लिहावी तर लोक विचारतात, कसली?
मी म्हटलं, लिहा, माती राखतो.
बाहुबली इतका हसला की चहा सांडला.
शेवटी 'स्वतःचा उद्योग' छापलं,
आणि ऋतुराज दोन दिवस केस विंचरून रानात आला.

एप्रिलात अण्णांनी बोलावलं.
जाळलेल्या अर्ध्यात बोटभर भेगा,
पाणी देऊन चार दिवस झालेले, तरी पानं गुंडाळलेली.
आमच्या तेरा गुंठ्यांत त्यांनी हात घातला,
पाचटाखाली, मनगटापर्यंत,
कणगीत किती धान्य उरलं ते बघावं तसा.
हात ओला निघाला. त्यावर एक गांडूळ,
उजेडाला वैतागलेलं.
अण्णा त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले, "औंदा सगळं तुम्हीच करा.
दर मात्र कमी करा."

मी दर कमी केला नाही.
तारीख दिली.

आता वही दुसरी आहे.
पंपासाठी कुंडलच्या एका पोरीला घेतलंय, अमृता लाड,
ती जिवाणूंशी बोलत बोलत शिंपडते.
अम्मी अजून शेजारणीला सांगते,
पोरगी तात्पुरती रानात जाते.
मी दुरुस्त करत नाही, महिन्याला पैसे मात्र तिच्याच हातात देते,
आणि ती ते मोजते, दोनदा.

काल सांजेला नदीपलीकडं, वाळव्याच्या अंगाला
धूर उठत होता, एक, मग तिकडं अजून दोन.
आम्ही घाटावर हातपाय धुत होतो.
मला वाईट वाटलं. बाहुबली म्हणाला,
"वाईट काय वाटून घेतीस?
ते सगळं आपलंच गिऱ्हाईक."
ओल्या हातानं मी वही काढली,
धुराखाली कुठलं गाव असेल
ते आम्ही अंदाजानं लिहीत बसलो.